करंजाच्या बंद कॉम्प्युटरचे आकडे

कुणी ‘स्वयंसेवक’ म्हटलं की माझ्या कपाळावर आजही आठी चढते. सोसायटीत वृक्षारोपण असो नाहीतर रक्तदान, मंडळी हौसेने पुढे येऊन नावं देतात आणि मी मनात म्हणते, बघू किती टिकताय ते. माझी बहीण म्हणते, वयाबरोबर तुझी जीभ फारच तिखट होत चालली आहे. असेल. पण एक स्वयंसेवी काम मी माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर उभं राहताना आणि आडवं होताना पाहिलं आहे, आणि त्यात एकही माणूस वाईट नव्हता. एखादा वाईट असता तर बरं झालं असतं. त्याला मनसोक्त शिव्या घालून मी मोकळी झाले असते.

मंदीचं वर्ष होतं. नवरा बेलापूरच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायच्या कामाला होता. तिथल्या सगळ्या मशीनांची दुखणीखुपणी त्याच्याकडे. एका शुक्रवारी त्याला वरच्या मजल्यावर बोलावलं, गळ्यातलं कार्ड काढून घेतलं आणि खणातल्या वस्तू एका खोक्यात भरून हातात दिल्या. तो पनवेलला घरी आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. “संपलं,” एवढंच म्हणाला. मला आधी वाटलं, घरातला गॅस संपला.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, अजूनही आहे. लोकांची उपाशीपोटीची रक्तं काढायची म्हणून सकाळी लवकर निघायचे. मी निघताना तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसलेला असायचा. दुपारी परत यायचे तेव्हा तोच शर्ट, तीच खुर्ची. पायात मोजेसुद्धा असायचे. सुरुवातीला अर्ज करायचा, फोन करायचा. मग फोन करणं कमी झालं, पण मोजे काही सुटले नाहीत. मी त्याला कधी टोकलं नाही, मात्र ते मोजे दोरीवर वाळत घालताना मला भडभडून यायचं.

लग्नाआधीपासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. सासूबाईंना ते शेवटपर्यंत आवडलं नाही. एक दिवस वैतागून मी म्हटलं, “अरे, बाहेर तरी पड. कुणाशी तरी भांड.” आणि तो खरंच भांडून आला.

जुन्या पनवेलात त्याच्या ओळखीच्या एका माणसाचा सायबर कॅफे होता. तिथे वाद झाला की जुन्या कॉम्प्युटरवर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम चांगली चालते. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटर सुरू केल्यावर जी सगळा कारभार हाकते ती. एक सगळ्यांकडे असायची, बहुतेकांकडे चोरून घातलेली. आणि दोन फुकट मिळणाऱ्या होत्या, त्यातल्या एकीवर नवऱ्याचा फार जीव. तो म्हणाला, हिच्यावर जुनी मशीनं तरुण होतात. कॅफेवाला म्हणाला, सिद्ध करा. बस्स. घरी आला तो शर्टाच्या बाह्या वर करूनच.

त्याने इंटरनेटवर आवाहन टाकलं, ओळखीच्यांना फोन केले आणि एका रविवारी आमच्या घरात माणसं मावेनाशी झाली. योजना साधी होती. आपल्या भागात लोकांच्या घरी जशी जुनीपुराणी मशीनं असतात, तशीच घ्यायची. प्रत्येकावर तिन्ही सिस्टीम आळीपाळीने घालायच्या. मग तीच ती ठरलेली कामं करायला लावायची: सुरू होणं, मोठी फाइल उघडणं, ढीगभर फोटो एकीकडून दुसरीकडे नेणं, गाणं लावून ठेवून मराठी मजकूर छापणं. प्रत्येक कामाला किती वेळ लागला ते मोजायचं. प्रत्येक काम तीनदा, मध्ये मशीन बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं. आणि दर महिन्याला सगळं पुन्हा, कारण नवऱ्याचं म्हणणं, नवीन सिस्टीम सगळ्याच पळतात, जुनी झाल्यावर कोण पळतं ते बघायचं.

मला ते आवडलं. आमच्या लॅबमध्येही मशीनवर विश्वास ठेवायच्या आधी ते तपासून घेतात. पण आमचे डॉक्टर परवडले, असा नवरा निघाला. मोजणी चालू असताना खोलीत पंखा लागला तरी तो आकडा बाद. कुणी मध्येच मेल बघितला, बाद. वीज गेली, पहिल्यापासून. रात्री जेवताना माणसांना फोन करायचा, “ती तिसरी वेळ मला पटत नाही हो, पुन्हा घ्या.” आणि ती बिचारी पुन्हा घ्यायची.

रविवारी येणाऱ्यांपैकी तिघे शेवटपर्यंत राहिले. एक तो कॅफेवाला, गोरापान, हळू बोलणारा, मला भाभी म्हणायचा. दुसरे रोडपालीला राहणारे एक प्राध्यापक. त्यांना कुठल्याही वाक्याच्या आधी घसा साफ करायची सवय होती आणि आमच्याकडच्या चहात आलं कमी आहे हे सांगायचीही. तिसरा उरणजवळच्या करंजाचा. त्याच्या घरची बोट होती, भाऊ समुद्रावर जायचे. हा एकटा शिकला आणि बंदराच्या कामात कॉम्प्युटरवर कंटेनरच्या नोंदी करायला लागला. नवऱ्याला तो दादा म्हणायचा. येताना कधी रिकाम्या हाताने आला नाही. सुक्या सोड्यांची पुडी, वाकट्या, एकदा तर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं अख्खं पापलेट. “वहिनी, पंख्याखाली नका ठेवू, लगेच करा,” असं मला बजावून मगच कॉम्प्युटरचं बोलायला बसायचा.

पहिले काही महिने घर नुसतं गजबजलेलं असायचं. नवरा शर्टाला इस्त्री करायचा आणि तो शर्ट संध्याकाळपर्यंत चुरगळलेला असायचा, याचं मला कोण समाधान. तो आकडे इंटरनेटवर टाकायचा, त्याचे आलेख काढायचा. लोक लिहायचे, शंका काढायचे, तो तावातावाने उत्तरं द्यायचा. मग पुण्याहून एक मेल आला. तिथली एक कंपनी शाळांना आणि छोट्या कचेऱ्यांना वापरलेले कॉम्प्युटर दुरुस्त करून पुरवायची. त्यांच्या साहेबांनी आलेख बघितले होते. काम पुरं झालं की सगळा अहवाल घेऊन या, आमच्याकडे हेच बघणारा माणूस हवा आहे, असं त्यांनी लिहिलं होतं.

त्या दिवशी तो मेल त्याने मला मोठ्याने वाचून दाखवला, मग मनात वाचला, मग पुन्हा मोठ्याने. आम्ही दोघांनीही ‘नोकरी’ हा शब्द तोंडातून काढला नाही. पण त्या दिवसापासून घरातल्या सगळ्या गोष्टी पुण्यावर टेकल्या. मला पुणं मुळीच आवडत नाही, तरी मी तिथल्या लॅबमध्ये कुणी ओळखीचं आहे का ते आठवू लागले. खरं सांगायचं तर मला पैशांपेक्षा तो घराबाहेर हवा होता. सकाळी दार ओढून कुठेतरी जाणारा, तिथे कुणीतरी वाट बघत असलेला.

पावसाळा आला आणि गर्दी ओसरली. साहजिकच होतं. अशी मोजणी म्हणजे घरातला एकुलता एक कॉम्प्युटर दिवसभर कुणी हात लावायचा नाही. कॅफेत एक खुर्ची अडवून ठेवायची. पण हे तिघे टिकले, आणि त्यांचे आकडे आता अगदी वेळेवर येऊ लागले. आधी नवऱ्याला चार-चारदा फोन करावे लागायचे, आता महिना भरायच्या आत हजर. शिवाय आकडेही चांगले. फुकटातली ती त्याची लाडकी सिस्टीम महिन्यागणिक पुढे सरकत होती. “माणसं तयार झाली बघ,” तो मला म्हणाला. “हात बसला की चुका होत नाहीत.” तो शीळ घालत आलेख काढायचा. मी भाजी चिरताना ऐकायचे आणि मला बरं वाटायचं.

गणपती जाऊन फार दिवस झाले नव्हते. पुण्याला जायचं सोमवारी ठरलं होतं. रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला येणार होते. शुक्रवारी नवऱ्याच्या डोक्यात आलं की अहवालात प्रत्येक मशीनचा फोटो हवा, त्याच्या जागेवर, मालकासकट. म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की ही खरी माणसांच्या घरातली मशीनं आहेत. आणि त्याला त्या लोकांचे आभारही मानायचे होते, तो स्वभाव नव्हता तरी. कॅफे आणि रोडपाली जवळच, तिथे संध्याकाळी जाऊ म्हणाला. शनिवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून आधी करंजाला निघालो. फोन लावला तर नुसता वाजत राहिला. सुट्टी म्हणजे धक्क्यावर असणार, घरी कुणीतरी असेलच, असं म्हणून आम्ही गेलोच.

उरणचा रस्ता तेव्हाही ट्रेलरनी भरलेला. तोंडावर रुमाल बांधून मी मागे बसले होते आणि तो पुढून काहीबाही ओरडून सांगत होता, पुण्याच्या साहेबांना आधी कुठला आलेख दाखवायचा ते. अर्धं मला ऐकू आलं नाही. पण आवाज आनंदी होता, तेवढं कळत होतं.

घर सापडलं. ओटीवर जाळं पसरलेलं, अंगणात पावसानंतरची पहिली सुकट वाळत टाकलेली. तो धक्क्यावरच होता, लिलावाला. त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा असा खुलला की जणू माहेरची माणसं आली.

“दादा तुमीच का? घरात सारखा तुमचाच नाव. बसा, बसा. सरबत करते.”

नवरा म्हणाला, “सरबत राहू दे, वहिनी. तो कॉम्प्युटर कुठे असतो? फोटो काढायचाय.”

ती हसली. “त्याचा कसला फोटो? तो तं आषाढापासनं बंद हाय. खाऱ्या हवेनं आतून खाल्ला. टेबल गनपतीला लागला, म्हनून खाटेखाली सरकवलाय.”

मला वाटलं, हिचा काहीतरी घोटाळा होतोय, दुसरं एखादं जुनं मशीन असेल. नवऱ्यालाही तेच वाटलं असावं, कारण त्याने विचारलं, “दुसरा आहे ना?”

“दुसरा कुठून आनायचा?”

खोलीत टेबलावर मखराचं थर्मोकोल अजून तसंच होतं. नवरा गुडघ्यांवर बसला आणि खाटेखालून त्याने तो डबा ओढला. वर प्लास्टिकचा फुलाफुलांचा टेबलक्लॉथ गुंडाळला होता. बाजूचं झाकण स्क्रूशिवायच होतं, हात लावताच निघालं. आत सगळं हिरवट-पांढरं झालेलं. वीज पुरवणारा भाग काढून नेलेला, त्याच्या वायरी लोंबत होत्या आणि त्या जागी पालीची अंडी होती. याच मशीनचे श्रावणातले आणि भाद्रपदातले आकडे आमच्या घरी अहवालात होते, दशांशासकट. तीन-तीन वेळा मोजलेले, मध्ये गार होऊ दिलेले.

त्या माउलीला काहीच कळलं नव्हतं. ती म्हणाली, “एवढ्या लांबून आलात तं काढा फोटो. त्यांना आवडेल.” आणि तिने घाईघाईने केस सारखे केले, शेजारच्या घरातून आपल्या दोन्ही मुलींना हाक मारली, त्या डब्यावर टेबलक्लॉथ पुन्हा नीट पसरला आणि तिघी त्याच्यामागे उभ्या राहिल्या. नवऱ्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि फोटो काढला. मग धाकटीने डोळे मिटले होते म्हणून आणखी एक काढला. सरबत प्यायलो. निघताना तिने मला सुकटीची पिशवी दिली. ती मी घेतली, नाही कशी म्हणणार.

परत येताना मिठागरांपाशी त्याने स्कूटर थांबवली. मला वाटलं, आता काही बोलेल. त्याने चाकाची हवा बघितली, ती ठीक होती, आणि आम्ही पुढे निघालो.

घरी न जाता तो तडक जुन्या पनवेलात कॅफेवर गेला. त्याने काही विचारायच्या आधीच कॅफेवाल्याने आमची तोंडं बघितली आणि गल्ल्यावरून उठून आम्हाला मागच्या बाजूला नेलं. तिथे फाटकी माउस पॅडं आणि कोल्ड्रिंकचे क्रेट होते.

“खोटं नाही बोलणार, भाई,” तो म्हणाला. “सुरुवातीला इमानदारीने केलं. एक सीट बंद ठेवून केलं, भाभी, पोरं शिव्या देऊन जायची तरी. पावसात धंदा बसला. मग परवडेना.”

“मग सांगायचंत ना,” नवरा म्हणाला. “सोडून द्यायचंत.”

“सांगायला दोनदा तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही दार उघडलंत, आलेख दाखवायला लागलात. तुमचा चेहरा बघून हिंमत नाही झाली.” त्याचे डोळे भरून आले होते. “आधीचे आकडे होते ना माझ्याकडे, त्यातच थोडं मागे-पुढे करून द्यायचो. तुम्हाला जी आवडते ती सिस्टीम जिंकू दे, म्हटलं, बस.”

घरी येऊन त्याने प्राध्यापकांना फोन केला. त्यांनी घसा साफ केला. त्यांनी मोजणी विद्यार्थ्यांना नेमून दिली होती, आणि विद्यार्थ्यांनी ती विद्यार्थी जशी करतात तशी केली होती. “अहो, पण कल तर तोच आहे ना?” ते म्हणाले. “थोडंफार इकडेतिकडे झालं तरी निष्कर्ष बदलत नाही. तुम्ही बिनधास्त जा पुण्याला.” फोनचा आवाज मोठा होता, मला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. तो माणूस समोर असता तर मी त्याच्या डोक्यावर कढत चहा ओतला असता, आलं घालून.

आता इथे मी काय केलं ते सांगते, आणि त्याची मला लाज वाटत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, “जा. अहवाल घे आणि जा. कुणाला कळणार आहे?” मी म्हटलं, “तू कुणाला फसवलंस का? तुला फसवलंय. आणि तेही चांगल्या मनाने. अरे, त्या सिस्टीममुळे मशीनं बरी चालतात हे तुला आधीपासून माहीत आहे. मग आकड्यांचं एवढं काय?”

“माझ्या मशीनवर चालतात,” तो म्हणाला. “बाकीच्यांचं मला माहीत नाही. तेच तर मोजायचं होतं.”

मी आवाज चढवला. त्याची नोकरी गेल्यापासून मी जे गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं, मोजेसुद्धा. मी म्हटलं, मला तू सकाळी घराबाहेर गेलेला बघायचाय, मग खऱ्या आकड्यांवर जा नाहीतर खोट्या. तो शांतपणे ऐकत होता, जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होते. मग टेबलाशी बसला आणि त्याने पुण्याला मेल लिहिला. आकड्यांची मी जबाबदारी घेऊ शकत नाही, अहवाल मागे घेत आहे, सोमवारी येत नाही. कारण त्याने लिहिलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. मी म्हटलं, निदान तू स्वतः काही केलेलं नाहीस एवढं तरी लिही. त्याने नकारार्थी मान हलवली आणि मेल पाठवून दिला. सोमवारी त्यांचं उत्तर आलं, दोन ओळींचं, आभाराचं. त्यानंतर पुण्याहून काही आलं नाही.

पण त्याआधी रविवार होता. मला वाटलं होतं कुणी येणार नाही. तिघेही आले. लग्नघरात चुकून सुतकाचे कपडे घालून आल्यासारखे दारात घुटमळत उभे राहिले. प्राध्यापकांनी पेढे आणले होते, ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. करंजाचा सगळ्यात मागे. त्याला बायकोने सगळं सांगितलं असणार. त्या दिवशी पहिल्यांदाच तो रिकाम्या हाताने आला होता.

नवऱ्याने दार पूर्ण उघडलं. “या,” म्हणाला. सगळे बसल्यावर त्याने सांगितलं, “काम संपलं. तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात, आभारी आहे.” एक वाकडा शब्द नाही. आवाजसुद्धा नेहमीचा. मग “चहा टाकतो,” म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. कॅफेवाला मान खाली घालून बसला. प्राध्यापक आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

माझ्याने राहवलं नाही. मी करंजाच्याकडे वळले, कारण त्याच्यावर माझा जास्त जीव होता. दबक्या आवाजात, पण दात ओठ खात मी म्हटलं, “भाऊजी, एका शब्दाचं काम होतं. कॉम्प्युटर बिघडला, आता जमणार नाही. एवढं सांगितलं असतं तर त्याने काय तुम्हाला खाल्लं असतं?”

तो आपल्या तळहातांकडे बघत म्हणाला,

“वहिनी, नाय बोलायला तोंड नव्हता. दादाची नोकरी गेली. त्याच्याकडं तेवढंच एक होता.” मग त्याने मान वर केली आणि मला समजावून सांगायला लागला, अगदी मनापासून, लहान मुलाला सांगावं तसं. “आपल्यात घरात कोन गेला तं त्यांची चूल पेटत नाय. मग आपन डबा देतो का नाय? कोन विचारतो का, भाकरी खरंच हवी का नको? आपन देतो. तसाच दिला मी. दर महिन्याला.”

“इथे कोण मेलंय?” मी म्हटलं. “इथे कोण मेलंय, भाऊजी?”

तेव्हा मला दिसलं की नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. हातात चहाचा ट्रे होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. करंजाच्यालाही तो दिसला आणि तो एकदम उभा राहिला. “दादा, तसं नाय...” म्हणाला.

नवऱ्याने ट्रे टेबलावर ठेवला. प्रत्येकाच्या हातात कप दिला. स्वतः बसला आणि चहा प्याला. कुणीतरी पावसाचं काही बोललं. नवऱ्याने त्याला उत्तरही दिलं. जाताना करंजाचा त्याच्या पाया पडायला वाकला, तर त्याने त्याला खांद्याला धरून वर उचललं आणि जिन्यापर्यंत सोडून आला.

परत आल्यावर तो खुर्चीत बसला. मी कप गोळा करत होते. माझा राग तोवर रडण्याकडे झुकला होता आणि मला त्याला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. मी म्हटलं, “त्यांनी तुझ्यावरच्या मायेपोटी केलं रे.”

“मला कळतंय ते,” तो म्हणाला. “म्हणून तर कुणावर ओरडताही येत नाही.”

मग त्याने वाकून एकेक करत पायातले मोजे काढले, घडी न करता खुर्चीखाली टाकले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. बाहेर लख्ख दुपार होती.